बॉक्सवर न छापलेली तारीख

साशंक : दुकानातला क्यूआर काढून टाकावा असं मला कधी वाटलेलं नाही, हे आधी सांगतो. सकाळी पाव-दूध घेणारा माणूस सुट्ट्या पैशांसाठी खोळंबत नाही. स्कॅन करतो आणि लोकल पकडायला दिवा स्टेशनकडे पळतो. हे सगळं मला मान्य आहे. माझा प्रश्न पैसे देण्याबद्दल नाहीच, फोनच्या आयुष्याबद्दल आहे. डोंबिवलीला घरकामाला जाणाऱ्या एक ताई माझ्याकडे महिन्याचं सामान भरतात. त्यांचे सगळे पगार खात्यावर जमा होतात, कारण आता कुणी हातात रोख ठेवतच नाही. परवा पीठ, तेल, तूरडाळ पिशवीत भरून झाली आणि त्यांचं ॲप उघडेना. आधी अपडेट मागत होतं. करायला गेल्या तर फोनमध्ये जागा नाही. काउंटरशी उभं राहून त्यांनी गावच्या गणपतीचे व्हिडिओ पुसले, नातवाचे फोटो पुसले, तेव्हा थोडी जागा झाली. मग कळलं की त्यांच्या फोनमध्ये जे अँड्रॉइड आहे त्यावर नवं ॲप चालतच नाही. फोन फुटलेला नाही, बॅटरी टिकते, आवाज स्वच्छ येतो, सिम चालू आहे, खात्यात पैसे आहेत. तरी त्या वेळी माझ्या दुकानात खर्चायला त्यांच्याकडे एक रुपया नव्हता. सामान मी वहीत लिहून दिलं, ते सोड. पण स्वतःच्या कष्टाचा पैसा स्वतःच्या हाताला लागू नये, हे कुणी ठरवलं? आणि त्यांना न विचारता कसं ठरवलं?

आश्वस्त : कुणी ठरवलं ते सांगते काका, पण का ठरवलं ते आधी ऐका. ऐरोलीला मी दिवसभर हेच काम करते. बँकांची ॲप्स लोकांच्या हातात जाण्याआधी ती कुठे फसतात ते शोधायचं. तुम्ही यूपीआय सुरू करता तेव्हा फोनमधून आपोआप एक एसएमएस जातो. हा नंबर याच फोनमध्ये आहे, अशी बँकेची खात्री त्यावरून होते. म्हणजे फोन ही तुमची अर्धी ओळख आणि पिन ही उरलेली अर्धी. पिन टाकायचं जे पान उघडतं ते जीपेचं किंवा फोनपेचं नसतं, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचं असतं. तिथे टाकलेला पिन सांकेतिक रूपात बँकेकडे जातो, मधल्या ॲपलासुद्धा तो वाचता येत नाही. इतकी काळजी घेतलेली आहे. पण ही सगळी काळजी फोनच्या मूळ सॉफ्टवेअरच्या भरवशावर आहे. ते जुनं राहिलं असेल तर दुसरंच एखादं ॲप स्क्रीनवर नजर ठेवू शकतं, बोट कुठल्या आकड्यावर पडलं ते टिपू शकतं. अँड्रॉइडमध्ये सापडलेले दोष गूगल दर महिन्याला जाहीर करतं. ते करावंच लागतं, नाहीतर दुरुस्ती कोण करणार? पण ती यादी चोरही वाचतो. ज्या फोनपर्यंत दुरुस्ती पोचली तो वाचला. ज्याच्यापर्यंत ती कधीच पोचणार नाही, त्याच्यात कुठून शिरायचं हे त्या दिवसापासून जगजाहीर झालेलं असतं. ताईंचं ॲप बंद पडलं याचं मला वाईट वाटतं. पण त्यांचा महिन्याचा पगार एका रात्रीत गेला असता, तर असल्या फोनवर ॲप चालू ठेवलंच कसं, असं तुम्ही मलाच विचारलं असतं.

साशंक : विचारलं असतं, खरं आहे. तरी तुझं ऐकून माझी भीती वाढते. कारण लोकांना लुबाडणारे आज अपडेटचंच नाव घेऊन येतात. ‘तुमचं बँकेचं ॲप आज बंद होईल, खालच्या लिंकवरून अपडेट करा.’ ‘तुमचं वीजबिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री लाइट कापण्यात येईल.’ कधी आरटीओचं चलन येतं, कधी लग्नपत्रिका येते, आणि खाली एपीके फाइल. ती दाबून पुढचं सगळं मान्य केलं की फोन त्यांच्या ताब्यात. आता तू त्या ताईंच्या जागी उभी राहून बघ. फोन त्यांना वर्षभर सांगत असतो, अपडेट करा, परवानगी द्या, सहमत आहे दाबा. नाही म्हटलं की काम अडतं, हो म्हटलं की सुटतं. वर्षानुवर्षं हीच सवय लावल्यावर एक दिवस खोटं अपडेट आलं आणि त्यांनी हो म्हटलं, तर आपण म्हणणार, बाई निष्काळजी. खरं कुठलं आणि खोटं कुठलं हे ओळखण्याचं ओझं, ज्याला सगळ्यात कमी माहिती आहे त्याच्याच डोक्यावर ठेवलेलं आहे. मी माझ्या गिऱ्हाइकांना एकच सांगतो, फोन काही मागायला लागला तर कशालाच हो म्हणू नका. हा सल्ला तुला पटणार नाही, तेही मला ठाऊक आहे.

आश्वस्त : नाहीच पटत. तरी तुमच्या बाजूचं सगळ्यात मोठं उदाहरण मीच देते, कारण ते आपल्या जवळचं आहे. पनवेलकडून दिव्यावरून वसईकडे कंटेनरच्या मालगाड्या जातात ना, त्या न्हावाशेवाच्या बंदरातल्या. २७ जून २०१७ ला तिथल्या एका टर्मिनलचं काम अचानक ठप्प झालं. ते टर्मिनल मर्स्क या डॅनिश समूहाकडे होतं, आणि त्यांच्या जगभरच्या संगणकांत ‘नॉटपेट्या’ नावाचा विषाणू शिरला होता. त्याची सुरुवात युक्रेनमध्ये झाली. तिथे हिशेब ठेवायला आणि कर भरायला ‘मीडॉक’ नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. हल्लेखोर त्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये घुसले आणि त्यांनी विषाणू अधिकृत अपडेटमधूनच पाठवला. ज्यांनी प्रामाणिकपणे अपडेट घेतलं तेच आधी सापडले. मर्स्कने आपलं नुकसान पुढे २० ते ३० कोटी डॉलर सांगितलं. इथवर ही गोष्ट पूर्ण तुमच्या बाजूची आहे. पण आत शिरलेला विषाणू एका संगणकातून दुसऱ्यात पसरला तो विंडोजमधल्या ज्या दोषावाटे, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. मे महिन्यात त्याच दोषातून ‘वॉनाक्राय’ या विषाणूने इंग्लंडमधली सरकारी रुग्णालयं अडवली होती, तरी कित्येकांनी दुरुस्ती केली नाही. नॉटपेट्या पासवर्ड चोरूनही पसरत होता, त्यामुळे दुरुस्ती केलेले सगळे वाचले असते असं मी म्हणणार नाही. पण एकाच घटनेत अपडेट घेणारे बुडाले आणि न घेणारेही बुडाले. मग ‘कशालाच हो म्हणू नका’ हे टिकतं कुठे? अपडेट कुठून आलं ते बघायला शिकवा. मेसेजमधल्या लिंकवरून कधीच घ्यायचं नाही, प्ले स्टोअरमधून किंवा फोनच्या सेटिंगमधून घ्यायचं.

साशंक : युक्रेनमधल्या त्या हिशेबनिसांनी अधिकृत जागेवरूनच घेतलं होतं की. तुझी शिकवण त्यांना वाचवत नाही. आणि दरवेळी चोरच लागतो असंही नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं आणि जगातले ८५ लाख संगणक एका दिवसात आडवे झाले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले, पेपरात फोटो आले होते. ती विमानं उडाली, कारण कागद आणि पेन अजून शिल्लक होतं. पैशाच्या बाबतीत ते कागद-पेन म्हणजे रोकड, आणि माझी काळजी तिथे आहे. माझी बहीण मुरबाडला दिली आहे. तिच्या तालुक्यातलं धसई १ डिसेंबर २०१६ ला राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. नोटाबंदीला महिनाही झाला नव्हता. अर्थमंत्री आले, बँकेने दुकानदारांना कार्ड स्वाइप करायची मशिनं दिली, वडापाववाल्यापर्यंत मशीन गेलं. पुढे नोटा पुरेशा आल्या तशी बरीचशी मशिनं पडून राहिली आणि व्यवहार पुन्हा रोखीवर आला. नेटवर्क धड नव्हतं, शुल्क परवडत नव्हतं. धसईतले लोक मागासलेले होते म्हणून हे झालं नाही. एक सोय कामाची ठरली नाही आणि परत जायला जुना रस्ता होता, म्हणून ते परत गेले. ताईंना परत जाता येत नाही. पगार रोखीत मागितला तर मालकीणबाई म्हणतात, आमच्याकडेच रोख नसते. एटीएमला जावं तर कधी पैसे नाहीत, कधी रांग, आणि कामाचा वेळ जातो तो वेगळाच.

आश्वस्त : धसईत फसलं ते कार्डाचं मशीन. त्याला वीज, लाइन, भाडं, सगळंच लागत होतं. यूपीआय एप्रिल २०१६ मध्येच जाहीर झालं होतं आणि भीम ॲप आलं ३० डिसेंबरला, म्हणजे धसईनंतर महिन्याभराने. त्याच डिसेंबरात दिव्याला फास्ट लोकल थांबायला लागली, म्हणून ते दिवस मला आठवतात. मशिनाऐवजी क्यूआर छापलेला कागद आला आणि चित्र पालटलं. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवर एका महिन्यात २००० कोटी व्यवहार झाले. नोटा बाजारात परत आल्यावरही लोक इकडे आले, म्हणजे त्यांना कुणी ढकललं नव्हतं. आणि काका, जुना रस्ता किती खडतर होता हे तुम्ही विसरता आहात. आमचं गाव राजापूरकडे. आजोबा गिरणीत होते, दर महिन्याला मनीऑर्डर करायचे. शंभराला पाच रुपये कमिशन जायचं. पैसे पोचायला आठ-दहा दिवस लागायचे, पावसाळ्यात त्याहून जास्त. पोस्टमन येईपर्यंत आजी वाण्याकडे उधारी करायची आणि अंगठा उठवून पैसे घ्यायची, किती आले ते वाचून दाखवायला शेजारचं पोर लागायचं. आज मी लोकलमध्ये उभ्या उभ्या आईला पैसे पाठवते आणि ते पोचल्याचा आवाज मला फोनवरच ऐकू येतो. ताईंचंही तेच. पगार रोख मिळायचा तेव्हा तो घरात शिरल्यावर कुणाच्या हाती जायचा, हे आपल्या चाळींत सगळ्यांना ठाऊक आहे. आता तो त्यांच्या नावावर आहे, त्यांच्या पिनमागे आहे. त्यांचं ॲप पुन्हा चालू व्हावं म्हणून मी भांडेन. पण ते नसतानाचे दिवस चांगले होते, हे मी ऐकून घेणार नाही.

साशंक : चांगले होते असं मी म्हटलेलं नाही. माझ्या वडिलांनीही मनीऑर्डरीच केल्या. पण तू पाच टक्के कमिशन म्हणालीस त्यावरच थोडं थांब. ते कमिशन कळत होतं. पावतीवर लिहिलेलं होतं. आज कमिशन शून्य. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर माझ्याकडूनही काही घेत नाहीत, त्याबद्दल मी तक्रार कशाला करू? पण एवढी यंत्रणा चालवायला खर्च येतोच. त्यातला काही भाग सरकार देतं. २०२४-२५ साठी लहान दुकानदारांच्या छोट्या व्यवहारांपोटी १५०० कोटी मंजूर झाले, ते बँका आणि ॲपवाल्यांकडे जातात. मग ताईंच्या बाजूचा खर्च कोण देतं? नवा साधा फोन आठ हजारांचा धर. तो ४ वर्षं चालला तर महिन्याला दीडशेच्या वर पडतो. त्यावर रिचार्ज, कारण नेट नसेल तर ॲप काय कामाचं? हप्त्यावर घेतला तर व्याज. हे सगळं त्या मुकाट्याने भरतात आणि कुठल्याही पावतीवर ते ‘पैसे देण्याचा खर्च’ म्हणून लिहिलेलं नसतं. ज्यांच्याकडे महागाचा फोन आहे त्यांना कंपनी सात-सात वर्षं अपडेट देते. ज्यांना फोन सगळ्यात जास्त वर्षं वापरावा लागतो, त्यांच्याच फोनचं आयुष्य सगळ्यात कमी ठेवलेलं आहे.

आणि मला सगळ्यात जास्त काय खुपतं ते सांगू का? माझ्या दुकानात पाच रुपयांचा बिस्किटपुडा आहे, त्यावर तारीख छापलेली असते. तारीख उलटलेला माल मी विकला तर माझ्यावर कारवाई होते, आणि झालीच पाहिजे. आठ हजारांच्या फोनच्या बॉक्सवर मात्र एमआरपी असते, वजन-मापं असतात, आयात कुणी केला ते असतं. पण अमुक महिन्यापर्यंत याला सुरक्षा अपडेट मिळतील, त्यानंतर यावर बँकेचा भरवसा राहणार नाही, ही तारीख कुठे असते? दुकानात वर्षभर पडून असलेला फोन घेणाऱ्याच्या हातात त्यातलं एक वर्ष कमी पडतं, हेही त्याला कळत नाही.

आश्वस्त : या मुद्द्यावर मी तुमच्याशी भांडत नाही. युरोपात २० जून २०२५ पासून तसा नियम लागू झाला आहे. एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान ५ वर्षं त्याला अपडेट द्यायची. आपल्याकडे असं बंधन नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर काम सुरू केलं ते २०२२ मध्ये. एखादी वस्तू किती दुरुस्त होण्यासारखी आहे हे ग्राहकाला आधीच कळावं, यासाठीच्या निर्देशांकावर समितीचा अहवालही २०२५ मध्ये आला. त्यात मोबाइल आहेत. पण अहवालापासून बॉक्सवरच्या शाईपर्यंत बराच पल्ला असतो.

तरी दोन अडचणी सांगते. फोनचं अपडेट एका ठिकाणी तयार होत नाही. गूगल दुरुस्ती देतं, मग चिप बनवणाऱ्याने ती आपल्या चिपला जुळवायची, मग फोन कंपनीने आपल्या प्रत्येक मॉडेलवर तपासायची. चिपवाल्याने हात वर केले की पुढच्याला फारसं काही करता येत नाही. आठ हजारांच्या फोनमध्ये कंपनीला सुटतं किती? ५ वर्षांची सक्ती केली तर तोच फोन नऊ-दहा हजारांना जाईल, आणि तेवढे नसलेला माणूस जुना फोन घेईल. दुसरी अडचण ताईंचीच आहे. त्यांनी फोन बॉक्समधून घेतलाच नव्हता. मुलाने नवा घेतला आणि जुना आईला दिला, असंच असणार. आपल्याकडे आयांचे फोन असेच येतात. छापलेली तारीख त्या बॉक्सबरोबर केव्हाच रद्दीत गेली.

साशंक : मुलाचाच आहे, बरोबर ओळखलंस. मग तारीख फोनच्या आत दाखवा. फोन चालू केला की मराठीत एक ओळ यावी, या फोनला अमुक तारखेपर्यंत संरक्षण आहे. नव्या रंगांची, नव्या इमोजींची जाहिरात तो करू शकतो, तर एवढं सांगणं अवघड नाही. आणि आणखी एक. सुरक्षेचं अपडेट आणि बाकीचा पसारा वेगळा करा. ताईंच्या ॲपमध्ये मी बघितलं. पैसे पाठवायचं बटण खाली सरकलेलं, वर कर्ज घ्या, सोनं घ्या, विमा घ्या. त्या पसाऱ्यासाठी त्यांच्या नातवाचे फोटो पुसले गेले. पिनच्या सुरक्षेसाठी पुसले असते तर मी एवढा चिडलो नसतो.

आश्वस्त : हे मला माझ्या कामातून माहीत आहे, त्यामुळे नाकारत नाही. फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये सुरक्षेची दुरुस्ती आणि नवी आवृत्ती या दोन गोष्टी वेगळ्या असतात. ॲपमध्ये मात्र दोन्ही एकाच गाठोड्यात येतात, कारण कर्जाच्या जाहिरातीतून कमाई होते आणि पैसे पाठवण्यातून काहीच होत नाही. तुमचं ते शून्य कमिशन इथे येऊन बाहेर पडतं. आमच्याकडेही आम्ही म्हणतो की हलकं ॲप हवं. ऐकतात, पण पुढच्या तिमाहीवर ढकलतात.

पण ॲपशिवायही रस्ता आहे, तो तुम्ही लोकांना सांगत नाही. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने बटणाच्या फोनसाठी यूपीआय १२३पे सुरू केलं. ठरलेल्या नंबरवर फोन लावायचा, सांगेल तसे आकडे दाबायचे, पिन टाकायचा. नेट लागत नाही, ॲप लागत नाही, त्यामुळे अपडेटही लागत नाही. केनियात २००७ पासून एम-पेसा असंच चालतं. सिममधल्या साध्या मेनूवरून अख्ख्या देशाने पैसे पाठवले, आणि तेव्हा तिथे स्मार्टफोन कुणाकडे होता? ताईंचं सिम चालू आहे, खातं चालू आहे. त्यांना हे आजच्या आज करता येईल.

साशंक : येईल, पण माझ्या काउंटरवर आजवर कुणी असे पैसे दिलेले नाहीत. का ते तूही जाणतेस. संध्याकाळी सातची गाडी रिकामी झाली की दुकानापुढे दहा माणसं उभी असतात. त्यात एक बाई कानाला फोन लावून, हिंदीसाठी अमुक दाबा, मराठीसाठी तमुक दाबा, हे ऐकत उभी राहिली तर मागचे ओरडतात. मीही म्हणतो, बाजूला या, पुढच्याला घेऊ द्या. केनियात सगळेच त्या रस्त्याने जात होते, म्हणून कुणाला लाज वाटली नाही. इथे तो रस्ता मागे राहिलेल्यांसाठी म्हणून बांधला, आणि त्यावरून चालणाऱ्याकडे चारचौघं बघतात. त्यापेक्षा मी एक विचारतो. बँका ॲप चालू किंवा बंद, एवढ्या दोनच गोष्टी का ठेवतात? मधली पायरी का नाही? जुना फोन आहे, धोका आहे, मान्य. मग त्यावर लाख रुपये पाठवायची मुभा नको. पाचशे-हजाराची ठेवा. किराणा, भाजी, रिक्षा चालली पाहिजे.

आश्वस्त : हे करता येण्यासारखं आहे. यूपीआय लाइटचा विचार याच्याच जवळचा आहे. थोडी रक्कम वेगळी काढून ठेवायची, छोटे व्यवहार त्यातून करायचे, पिन टाकायचा नाही. म्हणजे गेले तर तेवढेच जातील, खात्याला हात लागणार नाही. दुसरं म्हणजे काही दुरुस्त्या फोनला हात न लावता करता येतात. ओळखपाळख नसलेला माणूस ‘पैसे येतील, पिन टाका’ म्हणून मागणी पाठवायचा आणि लोक फसायचे. ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसाने दुसऱ्याला अशी मागणी पाठवायची सोयच एनपीसीआयने बंद केली. कुणाच्या फोनवर काही उतरवावं लागलं नाही, जुने-नवे सगळेच एका रात्रीत त्यातून सुटले. मधे बसून करण्यासारखं असं आणखी पुष्कळ आहे.

पण काका, तुमच्या मधल्या पायरीवर मी अडखळते ती एका जागी. हजार ही रक्कम तुम्हाला-मला छोटी वाटते. ताईंची ती दोन-तीन दिवसांची कमाई आहे. त्या मर्यादेच्या आतले पैसे गेले, तर कुणी भरून द्यायचे?

साशंक : बँकेने. दुसरं कोण?

आश्वस्त : रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक बघा. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, आणि ग्राहकाने ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याचं नुकसान शून्य. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले, तर तो कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. आता ज्या फोनची दुरुस्ती थांबली आहे हे फोन स्वतःच दाखवतो, तुम्ही म्हणता तशी मराठीत ओळ दाखवतो, तो फोन वापरत राहणं हा निष्काळजीपणा आहे की नाही? बँकेचा वकील म्हणेल, आम्ही ताकीद दिली होती. तुमची ती तारीख ताईंच्या बाजूने बोलेल असं तुम्हाला वाटतं. ती त्यांच्या विरुद्ध पुरावा म्हणूनही उभी राहू शकते.

साशंक : हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पण मग निष्काळजी कोण हेच पुन्हा विचारावं लागेल. ज्याला नवा फोन घेणं जमलं नाही तो, की ज्याने चांगल्या चालणाऱ्या फोनची दुरुस्ती थांबवली तो? मी धान्याला कीड लागू दिली तर गिऱ्हाइकाने ते खाल्लं कशाला, असं मला विचारता येत नाही.

आश्वस्त : फोन कंपनी म्हणेल, आम्ही फोन विकला, बँक विकली नाही, त्याचं पाकीट तुम्ही केलंत. बँक म्हणेल, फोन आमचा नाही. गूगल म्हणेल, आम्ही दुरुस्ती दिली होती, पुढच्यांनी पोचवली नाही. यातलं कुणाचं म्हणणं उघड खोटं आहे असं मला म्हणता येत नाही, आणि तरी सगळे मिळून जिथे पोचतात तिथे ताई एकट्या उभ्या असतात. मी बँकेवर सक्ती करायला निघाले, की जुन्या फोनवरचे छोटे व्यवहार बुडाले तर भरपाई तुम्हीच करा, तर बँक काय करेल ते मी रोज बघते. ती जुन्या फोनवर ॲप चालूच देणार नाही. ताईंचं परवा बंद झालं ते दोन वर्षं आधीच बंद झालं असतं.

साशंक : आणि सक्ती केली नाही तर ॲप चालू राहील, पण बुडालेले पैसे त्यांचेच. मग त्या १५०० कोटींतून काढा. व्यवहार वाढावेत म्हणून बँकांना बक्षीस देता, त्यातला थोडा भाग ज्यांच्यामुळे व्यवहार वाढले त्यांच्या नुकसानीसाठी बाजूला ठेवा. हजाराच्या आतलं असेल तर चौकशीचं झेंगट नको. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदली की पैसे परत.

आश्वस्त : चौकशी नाही म्हटल्यावर खोट्या तक्रारी येतील. आपलेच पैसे आपल्याच भावाला पाठवायचे आणि गेले म्हणून सांगायचं. ते रोखायला चौकशी ठेवली, तर ठाण्याच्या सायबर शाखेत खेपा घालायला ताईंना कामावर खाडे करावे लागतील, आणि हजारासाठी त्या जाणार नाहीत. वर्षाला एकदाच अशी भरपाई, असं काहीतरी बसवता येईल कदाचित.

साशंक : वर्षाला एकदा तर एकदा. तुमच्या कंपनीत मांडशील?

आश्वस्त : मांडेन. पण माझा साहेब पहिला प्रश्न काय विचारेल ते सांगते. म्हणेल, किती वर्षांपर्यंतचा फोन जुना धरायचा? तुम्ही किती म्हणाल?

साशंक : चालतो आहे तोवर.

आश्वस्त : तेवढं मला कबूल करता येणार नाही काका. त्यात माझ्या आईचेही पैसे आहेत.